शेंदराखालचा बेडूक

१० जुलै २०२५, गुरुवार

या वहीत मला दोन विधाने सिद्ध करायची आहेत. पहिले विधान: बेडूक हा सुंदर प्राणी आहे, आणि आमच्या वाडीच्या बारवेत जो दगड गणपती म्हणून पुजला जातो, तो हे सौंदर्य नेमके ओळखणाऱ्या कारागिराने घडवलेला बेडूक आहे. दुसरे विधान: ही गोष्ट या वाडीत माझ्याआधी कोणाच्याही ध्यानात आलेली नाही. एकतीस वर्षे पुण्याच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवल्यामुळे साध्य आधी लिहिण्याची सवय आहे. ती मोडण्याचे कारण दिसत नाही.

घटना कालची आहे. कवठे येमाईपासून तीन किलोमीटरवर आमची वाडी, आणि वाडीच्या कडेला पायऱ्यांची जुनी बारव. पाण्याच्या वर, उजव्या भिंतीत एक देवळी आहे. तीत शेंदराने लडबडलेला वीतभर उंचीचा गोळा. वर दोन उंचवटे, ती गंडस्थळे समजली जात; खाली दुमडलेले काहीतरी, ती मांडी. सोंड झिजली असे सर्वांनी ठरवून टाकले होते. बारवेच्या जीर्णोद्धार समितीचा अध्यक्ष विश्वजीत, माझा चुलत पुतण्या, कारेगावच्या कोणा मित्राच्या वॉशिंग सेंटरमधून गाड्या धुण्याचा पंप घेऊन आला आणि भिंती धुऊ लागला. पाण्याचा झोत देवळीत शिरला आणि शेंदराची खोळ अखंड सुटून पायरीवर पडली.

विश्वजीतने आधी पंप बंद केला, मग चपला काढल्या.

"आप्पा, मूर्ती भंगली की वो!"

भंगलेली मूर्ती पुजत नाहीत. ती शिरूरला नेऊन घोडनदीत सोडायची आणि सत्तावीस ऑगस्टच्या चतुर्थीला संगमरवरी गणपती बसवायचा, असे त्याने जागच्या जागी ठरवले. मी देवळीत वाकून पाहिले. रुंद तोंड, पोटाशी घेतलेले मागचे पाय. माझ्या मते काहीही भंगलेले नव्हते. मी महिन्याची मुदत मागितली. विश्वजीत माझा शब्द मोडत नाही, मुदत मिळाली.

खोळ घरी आणली आहे. तिच्या आतल्या बाजूस दगडाचा उलटा ठसा उमटला आहे. त्यावर सर्वत्र कापडाची बारीक वीण, आणि एका कडेला काठाचा नागमोडी नक्षीपट्टाही दिसतो. याचे कारण कळत नाही. विषयाशी संबंध नसल्याने सोडून देतो.

बारवेशेजारच्या सगुणाबाई ऐंशीच्या आहेत. पाच गुंठ्यांत शेवंती लावतात आणि रोज त्या दगडाला तांब्याभर पाणी व फूल घालतात. त्या एवढेच म्हणाल्या, "आजच्या आज शेंदूर लावू द्या, भावजी. त्याला उघडा ठिवू नका." मी सांगितले की तपासणी चालू असताना पुराव्याला हात लावता येत नाही.

१४ जुलै, सोमवार

चार दिवस सकाळी सहा ते आठ बारवेच्या सहाव्या पायरीवर बसतो आहे. एकाहत्तर वर्षे या प्राण्याच्या शेजारी राहून मी त्याच्याकडे पाहिले नव्हते, हे नमूद करणे भाग आहे.

पाण्यातला मोठा बेडूक एरवी शेवाळाच्या रंगाचा असतो. या दिवसांत त्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन बाजूंना दोन निळ्या पिशव्या फुगतात. इतका पिवळा आणि इतका निळा शेजारी ठेवण्याचे धाडस आमच्या रंगाऱ्यांनी अद्याप केलेले नाही. आज अशा एका नराने कठड्यावरून उडी मारली. पाय लांब झाले, पाणी जेमतेम हलले, आणि तो दिसेनासा झाला. त्या हालचालीत वगळता येईल असे काही नव्हते. उत्तम सिद्धतेचे लक्षण मी विद्यार्थ्यांना हेच सांगत असे.

तरीही माझे लक्ष दुसऱ्याने वेधले आहे. पायऱ्यांच्या फटीत खरखरीत पाठीचा, जाडजूड, पुस्तकांत ज्याला भेक म्हणतात तो राहतो. तो उड्या क्वचित मारतो. निवृत्त अधिकाऱ्यासारखा चालत येतो आणि बसतो. डोळ्याभोवती सोन्याची बारीक तार असावी तशी कड. त्याने आज एक भुंगा जिभेने उचलला आणि गिळताना दोन्ही डोळे मिटून खाली, डोक्याच्या आत ओढून घेतले. तीन वेळा पाहिले. दर वेळी तसेच. घास खाली ढकलायला तो डोळ्यांची मदत घेत असावा.

आता दगडाकडे. त्याचे डोळे अर्धे आत उतरलेले आहेत. विश्वजीत म्हणतो, झिजले. पण झीज आधी कडा खाते, आणि इथे पापणीची कड अजून नखाला लागते. म्हणजे डोळे मुद्दाम खाली दाखवले आहेत. कारागिराने बेडूक बसलेला, ओरडणारा किंवा उडी मारणारा घडवला नाही. घास गिळत असलेला घडवला. ज्याने हा क्षण पाहिला तो माझ्यासारखाच एखाद्या पायरीवर कित्येक सकाळी बसला असला पाहिजे. त्याचे नाव मला ठाऊक नाही, तरी ओळख झाल्यासारखे वाटते. हे वाक्य पुरावा म्हणून धरू नये.

माझ्या पत्नीला, सोजराला, बेडकांचा तिटकारा होता. पावसाळ्यात न्हाणीत बेडूक निघाला की ती मला आत येऊ देत नसे. स्वतः सुपात घेऊन, वर पदर टाकून, थेट बारवेपर्यंत टाकायला जाई. अंगणाबाहेर सोडला तरी चालेल, असे मी म्हणत असे. तिला जाऊन सहा वर्षे झाली. ती असती तर हा विषय घरात काढता आला नसता.

२० जुलै, रविवार

एसटीने शिरूरहून दौंडला जाऊन आलो. माझ्या दिवंगत सहकाऱ्याची मुलगी भाग्यश्री तिथल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तिने दगडाची छायाचित्रे मोठी करून पाहिली.

"पुढच्या पायाला बोटं चार. मागच्याला पाच. म्हणजे कासव नव्हे, कासवाच्या पुढच्या पायाला पाच असतात. आणि काका, हे डोळे! हे दगडात कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही."

तिच्या न्हाणीत मोरीच्या तोंडाशी एक भेक चार वर्षे राहतो. घरात त्याला 'मालक' म्हणतात. रेल्वेमार्ग जवळ असल्याने लांब मालगाडी गेली की फडताळातील भांडी वाजतात. मालक त्या वेळी फक्त डोळे मिटतात आणि गाडी गेली की उघडतात. मी मोरीजवळ पाटावर बसून दोन मालगाड्या पाहिल्या.

"काका, तुम्ही प्रेमात पडलाय."

"मी निष्कर्षाप्रत आलो आहे."

"तुमच्याकडे त्याला तसं म्हणतात का?"

निघताना तिने विचारले, "बेडूक ठरला म्हणजे गणपती नाही असं ठरलं. मग त्या रोज फूल घालणाऱ्या आजींचं काय?" तो प्रश्न माझ्या साध्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असे मी सांगितले. तिने वाटेसाठी चिवड्याची पुडी मात्र दिली.

२४ जुलै, गुरुवार

सगुणाबाई वाटीत तेल आणि शेंदूर खलून बारवेवर आल्या होत्या. मी अडवले.

"वहिनी, आता झाकू नका. आत्ताच तर तो दिसला."

"दिसला म्हंजी गेला, भावजी."

असंबद्ध विधान. वय झाले आहे. वाटी पदराखाली धरून त्या बराच वेळ पायरीवर बसल्या आणि मग परत गेल्या.

३ ऑगस्ट, रविवार

पारावर सभा झाली. साठेक माणसे होती. बायका कट्ट्याच्या मागे. मी न्यायशास्त्राच्या पाच अवयवांत युक्तिवाद मांडला. प्रतिज्ञा: देवळीतील मूर्ती भंगलेली नाही. हेतू: कारण ती बेडकाची पूर्ण आकृती आहे. उदाहरण: ज्या आकृतीचे सर्व अवयव जागच्या जागी असतात ती अभंग असते, जसा चावडीपुढचा नंदी. उपनय: या आकृतीला पुढे चार, मागे पाच बोटे, डोळे, तोंड, सर्व काही आहे, सोंड नाही, कारण ती कधी नव्हतीच. निगमन: म्हणून ही मूर्ती भंगलेली नाही, आणि भंगलेली नसल्याने ती नदीत सोडण्याचे कारण उरत नाही. मग बेडकाच्या डोळ्यांविषयी दहा मिनिटे बोललो. सभा शांत होती. इतके लक्ष देऊन ऐकणारा वर्ग मला नोकरीत मिळाला नव्हता.

शेवटी म्हातारा दगडोबा उठला. "म्हंजी आप्पा, इतकी वर्सं आमी बेडकाला मोदक चारलं व्हय?"

"त्याला किडं घालायला पायजे व्हतं," मागून कोणीतरी म्हणाले, "म्हनून तर तुला पावला न्हाई."

हशा झाला. विश्वजीत हात जोडून उभा राहिला. "आप्पांनी डोळं उघडलं आपलं. मूर्ती भंगली न्हाई. नदीत सोडायची न्हाई. इषय संपला." टाळ्या झाल्या. "आन् गणपती बी न्हाई. म्हंजी देवळी आजवर रिकामीच व्हती. चतुर्थीला संगमरवरी गणपती तिथंच बसवू. हा बेडूक आप्पांना आवडलाय, त्यांच्या अंगणात नेऊन देऊ."

पुन्हा टाळ्या. निष्कर्ष माझ्या विधानांतूनच काढला होता आणि त्यात मला उघड दोष सापडला नाही. कट्ट्याकडे पाहिले तेव्हा सगुणाबाईंची जागा मोकळी होती.

६ ऑगस्ट, बुधवार

विश्वजीतने दोन माणसांकडून दगड आणून दिला. डाळिंबाखाली ठेवला आहे. सकाळच्या उन्हात पापणीची सावली बुबुळावर पडते आणि तो नुकताच घास गिळून समाधान पावल्यासारखा दिसतो. हनुवटीखाली कारागिराने छिन्नीचे बारीक टिंब टिंब ठेवले आहेत. ते त्याने घासून काढले नाहीत, कारण तिथे कातडी तशीच असते.

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तो आनंद पूर्ण नाही, हेही लिहितो. कारण शोधतो आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार, अंगारकी

सकाळी बारवेवर गेलो. रिकाम्या देवळीत दूर्वांची जुडी, एक जास्वंद आणि तळाशी ओल. सगुणाबाईंची नातसून अनिता घागर भरत होती.

"रोज घालत्यात वो आजी. मी म्हनलं, आतमंदी कोन न्हाई आता. तर म्हनल्या, जागा हाय ना. तवापास्नं एकच भाकरी खात्यात, ती बी अर्धी."

मी त्यांच्या ओसरीवर गेलो. त्या शेवंतीच्या रोपांची माती हाताने मोकळी करत होत्या. मी म्हणालो, तुमची श्रद्धा दुखवण्याचा हेतू नव्हता. परंतु तो गणपती नाही, हे सत्य आहे.

"मला काय सांगता? बेंडूक हाय ते मला लगीन करून आले तवाच ठावं हाय."

मी पुन्हा विचारले. त्यांनी हात झटकले.

"सासूबाईंनी दाव‍ला. तवाबी खोळ सुटली व्हती. म्हनल्या, हा पान्याचा राखनदार. ह्याच्या डोळ्याकडं बघ, कसा घास खातोय ते. आन् म्हनल्या, बाप्यांना सांगू नको. बाप्यांना कळलं की ते मीटिंग घेत्यात."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"बेंडूक म्हनून कोन ठिवील त्याला तिथं? कोन म्हनंल भंगला, कोन म्हनंल फेका. शेंदूर लावला की देव. देवाला कोन हात लावत न्हाई. म्हनून दर चतुर्थीला लावायचा. भूकंपाच्या साली परत खोळ पडली, तवा दोघींनी लावला आमी. आधी मऊ कापड घातलं अंगावर, त्याच्या डोळ्याला शेंदूर खुपाय नको म्हनून."

"दोघी म्हणजे? बरोबर कोण होते?"

"व्हती एक जन."

नाव विचारले, सांगितले नाही. त्या साली, म्हणजे त्र्याण्णवला, मी पुण्यात होतो आणि शनिवारीच घरी येत असे, तेव्हा अनुमानालाही आधार नाही. मात्र खोळीतल्या विणीचे कारण मिळाले: कापड कुजले, ठसा राहिला. ती नोंद मी पहिल्याच दिवशी 'विषयाशी संबंध नाही' म्हणून बाजूला ठेवली होती.

चहा झाला. उठताना त्या म्हणाल्या, "तुमी छान बोललात त्या दिशी. डोळ्याचं. मी तेवढं ऐकून मग गेले."

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा सभा. या वेळी माझ्या विनंतीवरून. सगुणाबाईंचे नाव घ्यायचे नाही, असे मी स्वतःशी ठरवले होते.

संगमरवरी मूर्ती आली आहे आणि देवळीत मावत नाही. चार बोटे उंच आहे. विश्वजीत वरची शिळा ब्रेकरने फोडणार होता. मी देवळीची मापे सांगितली: रुंदी, उंची, खोली, तिन्ही दगडाच्या मापांहून बोटभरच जास्त. घर ज्याच्या मापाचे, त्याच्यासाठी ते बांधले, असे मानायला हरकत नसावी. नंतर म्हणालो की माझ्या मागच्या युक्तिवादाचा उपयोग करताना आपण एक विधान न तपासता मध्ये घातले: जो गणपती नाही, त्याला देवळीत जागा नाही. हे कोणी सिद्ध केलेले नाही. मी तर ते ऐकून गप्प बसलो.

"आप्पा," विश्वजीत म्हणाला, "मागं म्हनला गनपती न्हाई. आता म्हनता तिथंच ठिवा. एक काय ते सांगा की."

"दोन्ही."

"आन् संगमरवरी गनपती डोक्यावर घेऊ?"

"वर मंडप बांधतो आहेस. तिथे त्याला उंची पुरेल."

दगडोबा म्हणाला, "बसू दे बाबा. मोदकाची सवं लागली आसंल त्याला." पुन्हा हशा, पण या वेळी बायकांच्या बाजूनेही आला. विश्वजीतने मान खाजवली. "ठिवा. पन शेंदूर लावून ठिवा, आप्पा. उघडा ठिवला तर प्रत्येक पाहुना इचारनार, बेडूक का पुजता म्हनून. मी किती जनांना सांगू?"

म्हणजे बेडूक देवळीत जाईल आणि तो पुन्हा कोणाला दिसणार नाही. मी मान्य केले. घरी आल्यावर डाळिंबाखाली बसून त्याला बराच वेळ पाहिले. हनुवटीखालचे टिंब मोजायचे होते, मोजले नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी आठ वाजता दगड देवळीत बसला. सगुणाबाई आणि अनिता शेंदूर खलत होत्या. नेहमीचा भेक तिसऱ्या पायरीच्या फटीत होता. डोळे उघडे, कशाचीही घाई नाही.

"भावजी, एखादं मऊ कापड आना. सोजराचं जुनं लुगडं आसंल बघा पेटीत. हिरवं. त्याचा राहिलेला तुकडा चालंल."

राहिलेला, हा शब्द माझ्या लक्षात आला. मी घरी गेलो. पेटी सहा वर्षांत उघडली नव्हती. हिरवे लुगडे तळाशी होते, घडी घातलेले. पदराच्या टोकाचा हातभर तुकडा सरळ कापून घेतलेला होता आणि कापलेली कड तिने बारीक टाक्यांनी दुमडून शिवली होती. टेबलावरची खोळ उचलून उजेडात धरली आणि लुगड्याचा काठ शेजारी ठेवला. नागमोडी नक्षी तीच. लुगड्याच्या काठात ठरावीक अंतराने विणीत गाठ येते. तशीच गाठ, त्याच अंतरावर, ठशातही आहे.

ते सूप मला आठवले. वर टाकलेला पदरही.

बारवेवर परत गेलो. कापड मीच दगडावर घातले. सगुणाबाईंनी सांगितले, डोळ्यापाशी बोट दाबू नका, नुसतं टेकवा. मी टेकवले. कापडाखाली पापणीची कड जाणवली.

"मला का सांगितले नाही तिने?" मी विचारले.

"सांगनार व्हती. तुमी रिटायर झाल्यावर सांगते म्हनायची. मग म्हनली, ऱ्हाऊ दे, आता तर ते दिवसभर घरीच आसत्यात." त्या हसल्या. "पन पावसाळ्यात न्हानीत बेंडूक निघाला की तुमाला आत येऊ द्यायची न्हाई. म्हनायची, ह्यांच्या पायाखाली येईल, ह्यांचं लक्ष नसतंय खाली."

शेंदराचा पहिला हात सगुणाबाईंनी दिला, दुसरा अनिताने, तिसरा मी. डोळे सर्वांत शेवटी झाकले.

पहिले विधान सिद्ध झाले आहे. दुसऱ्या विधानासंबंधी पुढील दुरुस्ती नोंदवतो.

बेडकाचे सौंदर्य या वाडीत माझ्याआधी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते, असे मी दहा जुलै रोजी लिहिले. ते चूक आहे. ते किमान तीन जणींच्या ध्यानात आले होते, आणि त्यांपैकी एक सेहेचाळीस वर्षे माझ्या घरात होती.

हौसराव बाळाजी इचके